के-1000च्या नावाखाली माझे 14,350 रुपये गेले

आधीच सांगतो, मी कुणालाही ओटीपी देऊन बसणारा माणूस नाही. हिशेबनीस म्हणून 19 वर्षं नोकरी करतोय, रुपया मोजून देतो. तरी पेंटॅक्स के-1000 हा जुना कॅमेरा घेताना 14,350 रुपये घालवले. लिहितानाही लाज वाटतेय.

मुलगी फाइन आर्टला आहे, तिला फिल्मचा कॅमेरा हवा होता. के-1000च का, हे फोटोग्राफी शिकणाऱ्यांना सांगायला नको. 1976 ते 1997 बनला, सगळं हाताने, सेल लागतो तो फक्त लाइट मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या काट्याला. ऑनलाइन एका मुलाने विकायला टाकला होता. “काका, मुलीसाठी घेताय म्हणून 16 हजारांचा साडेतेराला देतो.” 4,000 आगाऊ, कुरिअरच्या पावतीचा फोटो आल्यावर 9,500, वर ‘पॅकिंग आणि विम्याचे’ 850. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

पण जीव जळतो तो वेगळ्याच गोष्टीने. पैसे देण्याआधी त्याने 22 सेकंदांचा व्हिडिओ पाठवला होता. शटर खटाखट वाजतंय, मीटरची सुई हलतेय, लेन्स लख्ख. मुलगी म्हणाली, “बाबा, लेन्सशेजारी ही दांडी कसली? के-1000ला सेल्फ टायमर नसतो.” बरोबर होतं तिचं. पेंटॅक्सच्याच केएम मॉडेलमधला टायमर वगैरे काढून स्वस्त केलेला कॅमेरा म्हणजेच के-1000. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “काका, हा जपानचा पीस आहे. नंतरच्या चायनावाल्यांना टायमर नसतो.” आणि मी उलट मुलीलाच म्हणालो, “तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं का?” जपान, हाँगकाँग, चीन, कुठेही बनलेल्या के-1000ला टायमर नव्हता. पाच मिनिटं शोधलं असतं तर कळलं असतं. आणि मॉडेलचं नाव असतं तिथे सबंध व्हिडिओभर त्याचं बोट होतं. सबंध व्हिडिओभर!

कुरिअरने आला तो खरा के-1000, पण मेलेला. फिल्म पुढे सरकवायची दांडी अर्ध्यात अडकलेली, लेन्सच्या आत बुरशीचं जाळं, मागच्या झाकणाचा फोम डांबरासारखा चिकट. फोन केला तर म्हणे, “नवा सेल टाका, शटर चालू होईल.” याच्या शटरला सेल लागतच नाही! ‘सेल टाकला की शटर चालेल’ असं के-1000बद्दल कुणी सांगितलं तर तिथेच व्यवहार मोडा. नंतर त्याने ब्लॉक केलं.

पोलीस ठाण्यात गेलो, तर “सायबरला जा.” सायबरवाले म्हणाले, “पेंटॅक्स सांगितला, पेंटॅक्स आला. वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.” मी व्हिडिओतला टायमर दाखवू लागलो तर साहेबांनी मोबाइल काढला. बँकेत म्हणे पिन तुम्हीच टाकलात. चार दिवस रजा गेली. अर्ज दोनदा लिहायला लावला, कारण पहिल्यात ‘जुना कॅमेरा’ असं लिहिलं होतं. कॅमेरा जुना म्हणून माझे पैसे जुने होतात का? 47 दिवस झाले, विचारलं की एकच उत्तर, “प्रक्रियेत आहे.”

फसलोय असं वाटलं की त्याच क्षणी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मी सहा दिवस त्या मुलाच्याच मिनतवाऱ्या करत बसलो. व्हिडिओ मागाल तर शेजारी आजचं वर्तमानपत्र आणि कॅमेऱ्याचा सिरियल नंबर दिसलाच पाहिजे. मागचं झाकण उघडून 1 सेकंदापासून 1/1000पर्यंत शटरचा प्रत्येक स्पीड दाखवायला लावा. लेन्समधून टॉर्च मारा, बुरशी लपत नाही. पार्सल उघडताना सलग शूटिंग करा. मी केलं नाही आणि तेच माझ्या तोंडावर मारलं गेलं. खरं तर कॅमेरा हातात आल्याशिवाय पैसेच देऊ नका.

दुरुस्तीवाल्याने 6,000 सांगितलेत, तेही शटरच्या पडद्याची खात्री न देता. परवा दुसऱ्याच नावाने तीच जाहिरात पुन्हा दिसली, तोच 22 सेकंदांचा व्हिडिओ. नावावर बोट आणि लेन्सशेजारी दांडी दिसली तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि त्याला एक रुपयाही पाठवू नका.