नायट्रिक ऑक्साइडची पावडर: सात महिन्यांनंतर

वय ५८, राहणार पुणे. रक्तदाबाची टेल्मिसार्टन ४० ही गोळी सहा वर्षांपासून चालू आहे, साखर नाही, मुतखड्याचा इतिहास नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण असले अनुभव वाचताना मी स्वतः पहिल्यांदा लिहिणाऱ्याचं वय शोधतो. पंचविशीतल्या जिमवाल्याला काय वाटलं, याचा मला उपयोग नसतो.

फेब्रुवारीत भाच्याने नायट्रिक ऑक्साइडच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलची बाटली आणून दिली. "मामा, नोबेल मिळालंय या गोष्टीला, रक्तवाहिन्या तरुण राहतात." नोबेल मिळालं हे खरं आहे. १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना. पण ते मिळालं नायट्रिक ऑक्साइड शरीरात रक्तवाहिन्या सैल करण्याचा निरोप पोचवतो या शोधाला, भाच्याच्या बाटलीला नव्हे. आणि बाटलीत नायट्रिक ऑक्साइड नसतंच. तो वायू आहे, शरीरात तयार झाला की काही सेकंदांत संपतो. डब्यात येतो तो कच्चा माल: आर्जिनिन किंवा सिट्रुलिन ही अमिनो आम्लं, नाहीतर बिटातलं नायट्रेट.

पहिली बाटली आर्जिनिनची. दोन महिने घेतली. पोट ढवळायचं, दोनदा जुलाब झाले आणि रक्तदाबाची वही जिथल्या तिथे. नंतर कळलं की तोंडाने घेतलेलं आर्जिनिन बरंचसं आतडी आणि यकृतातच मोडून जातं. सिट्रुलिन तिथून सहीसलामत सुटतं आणि मूत्रपिंडात त्याचं आर्जिनिन होतं, म्हणून जाणते लोक सिट्रुलिन घेतात. हे मला चौदाशे रुपये गेल्यावर समजलं. त्याहून गंभीर गोष्ट आमच्या डॉक्टरांनी सांगितली: हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना आर्जिनिन देऊन अमेरिकेत एक चाचणी झाली होती, २००६ साली तिचा निकाल छापून आला. आर्जिनिन घेणाऱ्या गटात सहा मृत्यू, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. बाटलीवर यातलं काही नव्हतं. 'औषधी वापरासाठी नाही' एवढी ओळ होती, तीही बारकुशी.

एप्रिलपासून बिटाची पावडर आणि थोडं सिट्रुलिन. खरा अनुभव इथून सुरू होतो.

चौथ्या दिवशी सकाळी संडासात लाल रंग बघून मी बाहेर येऊन खुर्चीत बसलो. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारलं, "काल दोन चमचे घातले होते ना?" काही लोकांची लघवीही बिटाने गुलाबी होते, माझी होते. निरुपद्रवी आहे, पण आधी माहीत असलेलं बरं.

रक्तदाब रोज सकाळी चहाआधी, पाच मिनिटं बसून, दोनदा मोजायचा आणि सरासरी लिहायची, असा नेम ठेवला. मार्चची सरासरी १३८/८६ होती, मेची १३३/८४. म्हणजे वरचा आकडा पाचने खाली. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगात रक्तदाबवाल्यांना चार आठवडे रोज पाव लिटर बिटाचा रस दिला होता, तेव्हा वरचा आकडा साधारण सात-आठने उतरला होता. रस बंद केल्यावर दोन आठवड्यांत परत जागेवर. माझे पाच त्या मानाने पटण्यासारखे आहेत. पावडरीत नायट्रेट किती, हे डब्यावर लिहिलेलंच नाही. सगळ्या मिश्रणाचं एकत्र वजन देऊन मोकळे.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी पूर्वी मध्ये एकदा थांबून चढायचो. जूनपासून न थांबता चढतो. पण सहा महिने रोज चढल्यावर कोणीही न थांबताच चढेल, त्यामुळे याचं श्रेय मी पावडरीला देत नाही. भाचा देतो.

सगळ्यात मजेशीर भाग जूनमधला. पावडरीबरोबर लाळ तपासायच्या पट्ट्या आल्या होत्या. जिभेला लावायची, गुलाबी झाली की 'पातळी उत्तम'. जून उजाडेपर्यंत रोज गडद गुलाबी. मग हिरडीचं काम निघालं आणि दातांच्या डॉक्टरांनी आठवडाभर क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दिल्या. पट्टी पांढरी ती पांढरीच! पावडर तीच, चमचा तोच. कारण बिटातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात ते जिभेवरचे जिवाणू (नायट्राइटचं पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड होतं), आणि गुळण्यांनी तेच मारले गेले. गुळण्या संपल्यावर काही दिवसांनी गुलाबी परत आला. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या गुळण्या जरूर करा, पण जाहिरात बघून रोज जंतुनाशक माउथवॉश वापरत असाल तर वर बिटाच्या पावडरीचे पैसे का घालवता?

अर्थात पट्टी फक्त लाळेतलं नायट्राइट दाखवते, रक्तवाहिन्यांचं काही सांगत नाही. मी एका रात्री पालकाची पातळ भाजी दोन वाट्या खाल्ली आणि पावडर घेतली नाही. सकाळी पट्टी तितकीच गुलाबी.

गणपतीत पावडर मुद्दाम तीन आठवडे बंद ठेवली, फरक कळावा म्हणून. सरासरी १३७ वर गेली. आता हा फरक पावडर थांबल्याचा की आरतीनंतरच्या चिवड्याचा आणि रात्रीच्या जागरणांचा, हे कोण सांगणार! प्रयोगाला महिनाच चुकीचा निवडला, कबूल.

आयुष्य वाढतं का? सात महिन्यांत मी सात महिन्यांनी म्हातारा झालो. या डब्यांनी माणूस जास्त जगतो असं दाखवणारं काही मला सापडलं नाही, आणि 'दीर्घायुष्य' हा शब्द मात्र प्रत्येक झाकणावर आहे.

छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा नायट्रोग्लिसरीन घेणाऱ्यांनी, आणि सिल्डेनाफिलसारखी (म्हणजे व्हायग्रा वगैरे) गोळी घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नये. ही औषधंही त्याच वाटेवर काम करतात, रक्तदाब एकदम कोसळू शकतो. माझ्या वडिलांच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी कायम असायची. त्यांना नायट्रिक ऑक्साइड हा शब्द आयुष्यात कधी ऐकायला मिळाला नाही. आणि मुतखड्याची सवय असेल तर बिटात ऑक्झलेट भरपूर असतं, तेही लक्षात घ्या.

टेल्मिसार्टन मी एक दिवसही बंद केली नाही. डॉक्टर वही बघून "चालू द्या, हरकत नाही" म्हणाले, गोळी मात्र कमी केली नाही.

सिट्रुलिनचा अर्धा डबा भाच्याला परत दिला. बिटाच्या पावडरीचे तळाशी दोन चमचे उरलेत. नवा डबा मागवलेला नाही. मंडईत बीट चाळीस रुपये किलो मिळतं, पण रोज ते किसायचं कोणी, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.