फिशटँकसाठी ३० मिलिअँपचा आरसीसीबी : आठ महिन्यांचा अनुभव

डिसेंबरात धाकट्याने टँकमध्ये हात घातला आणि ओरडून मागे घेतला. "आई, पाणी चावतंय!" मासे मजेत फिरत होते, म्हणून मला आधी खरं वाटेना. वायरमनदादांनी पाण्याला टेस्टर लावला आणि त्यातला दिवा पेटला. हीटरची काच तळाशी केसाएवढी तडकली होती. काचेच्या पेटीतल्या करंटला जमिनीकडे जायला वाट नसते, म्हणून माशांना काही होत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून हात घातला, की आपणच ती वाट होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

"घरात एमसीबी आहे ना?" मी विचारलं. दादा म्हणाले, "ताई, तो ओव्हरलोड नाहीतर शॉर्टसर्किट झालं तर पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो. माणसाला शॉक बसताना त्याला पत्ताही लागत नाही." त्यासाठी आरसीसीबी नावाचा वेगळा स्विच लागतो. तो फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, ते बघतो. कमी आला, म्हणजे कुठेतरी गळतोय, की लगेच लाइन तोडतो.

किती करंट गळला की तो पडतो, तो आकडा घेताना वाचून घ्या. मला दुकानात आधी १०० मिलिअँपचाच दाखवला होता. माणसाच्या जिवासाठी ३० हवा. त्यावर ३० मिलिअँप किंवा ०.०३ अँपिअर असं छापलेलं असतं. सोबत आयएस १२६४० हा मानक क्रमांकही बघा. आमचा दोन पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, २५ अँपिअरपर्यंत भार पेलणारा, अठराशेला पडला. तो टँकच्या लाइनपुरताच वेगळ्या डबीत बसवला, एमसीबीच्या जोडीला, कारण ओव्हरलोडला आरसीसीबी पडत नाही.

पहिले दोन दिवस तो सारखा पडायचा. इन्व्हर्टरचा न्यूट्रल या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळला होता. दादांनी तो वेगळा केल्यावर त्रास थांबला.

त्याचं खरं काम जुलैत दिसलं. लाइट गेले, एअरपंप बंद पडला. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला, त्यामुळे टँकचं पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि तिथून एक्स्टेंशन बोर्डात उतरलं. लाइट आले आणि आरसीसीबी पडला. मी बोर्ड उचलला तर त्यातून पाणी ठिबकत होतं! आता नळीत पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे, बोर्ड भिंतीवर उंच लावलाय, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर नेली आहे, म्हणजे ओघळ झोळाच्या टोकाशी गळून पडतो.

तक्रार एकच. पडतो तेव्हा इशारा देणारा आवाज करत नाही. एकदा आम्ही बाहेरगावी असताना पडला आणि फिल्टर रात्रभर बंद राहिला. सकाळी एंजल मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकत होते, पण वाचले. छोटा बजर असता तर मी पूर्ण गुण दिले असते.

दर महिन्याच्या एक तारखेला टेस्टचं बटण दाबते. दाबूनही पडला नाही तर तो बदलायचा. आणि आरसीसीबी असला तरी शॉकचा झटका क्षणभर बसतोच, म्हणून हात घालण्याआधी सगळे प्लग काढतो. पाणी बदलायचं असेल तर हीटरचा प्लग पंधरा-वीस मिनिटं आधी, कारण तापलेली काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते. आमचा पहिला हीटर असाच गेला असणार. तेव्हा मी तो चालू ठेवूनच पाणी उपसायचे.