नाव-अर्थाची पाटी: लाकूडकाम चोख, यादी कच्ची

सावंतवाडीकडच्या एका लाकूडकामाच्या दुकानात घरावरची पाटी आता अर्थासकट कोरून मिळते. वर नाव, खाली अर्थ आणि तेच नाव युरोपातल्या इतर भाषांत कसं होतं त्याची ओळ.

काम झकास आहे. फणसाची १८ मिमी जाडीची फळी, अक्षरं मशीनवर अडीच-तीन मिमी खोल, त्यात काळा ऑइलपेंट. लेझरने नुसती जाळलेली अक्षरं उन्हात फिकी पडतात, ही टिकतात. 'द्र'सारखं जोडाक्षर मात्र २५ मिमीपेक्षा लहान मागू नका, आतली तिरकी रेघ भरून जाते.

घोडं अडतं ते मजकुरात. नमुन्याच्या पाटीवर 'पेद्रो' आणि अर्थ 'पिता, थोर'. दोन्ही अर्थ चूक! पिता आला पाद्रीवरून. तो पोर्तुगीज 'पाद्रे', लॅटिन 'पातेर'चा वंशज. पेद्रोचं मूळ ग्रीक 'पेत्रोस', म्हणजे खडक, आणि तेही अरामी (येशूची बोलभाषा) 'केफा'चं भाषांतर. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (१:४२) हे सरळ लिहिलेलं आहे. 'थोर' हा अर्थ पॅट्रिकचा: लॅटिन 'पात्रिसियुस', उमराव घराण्यातला. खालच्या ओळीत पॅट्रिक घुसलाय, पाब्लोसुद्धा. पाब्लो म्हणजे पॉल, मूळ अर्थ लहान. पेत्र (म्हणजेच पेद्रो) आणि पौल (म्हणजे पॉल) या ख्रिस्ती संतांचा सण एकाच दिवशी, २९ जूनला; म्हणून नाव एक होत नाही.

बरोबर ओळ अशी द्या: पोर्तुगीज आणि स्पॅनिश पेद्रो, फ्रेंच पिएर, इटालियन पिएत्रो, रशियन प्योत्र, डच पीटर, फिनिश पेक्का. जागा उरली तर बास्क 'केपा' जरूर घाला, तो ग्रीकला वळसा घालून थेट अरामीवरून घेतलेला. फ्रेंचमध्ये तर 'पिएर' म्हणजे आजही साधा दगड.

मजकूर कागदावर लिहून, सही करून द्या. दुकानदार मोबाइलवर सापडेल ते उतरवतो आणि कोरलेलं पुसता येत नाही.

बसवताना लोखंडी स्क्रू नकोत, खाऱ्या हवेत गंजून लाकडावर डाग उतरतात. स्टेनलेसचे घ्या, मागे वॉशर घालून भिंतीपासून ५ मिमी अंतर ठेवा, नाहीतर पागोळ्यांचं पाणी आत अडकून फळी मागून काळी पडते. पॉलिशचे हात मागच्या बाजूला आणि दोन्ही टोकांनाही मारून मागा. टोकांकडूनच लाकूड पाणी पितं, आणि नेमकं तिथेच हे लोक हात आखडतात. २९ जूनच्या सणाला पाटी हवी तर एप्रिलमध्येच सांगा. पाऊस लागल्यावर मारलेलं पॉलिश दमट हवेत पांढरट पडतं.