२०० दिवसांची सरासरी की आरएसआय?

कंपनीचा ताळेबंद पाहून झाला; आता चार्टवर काय बघू, असं भाचीने विचारलं.

२०० दिवसांची सरासरी, म्हणजे शेअरच्या मागच्या २०० दिवसांच्या बंद भावांची सरासरी; भाव तिच्या वर गेला की तेजी मानतात. ती उशिरा बोलते. तळापासून बरीच वाढ झाल्यावरच भाव तिच्या वर जातो, आणि बाजार आडवा चालला की ती वारंवार चकवते. पण आठवड्यातून एकदा पाहिली तरी पुरते.

वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडलेला १४ दिवसांचा आरएसआय (भाव अलीकडे किती जोराने चढला-उतरला हे ० ते १०० मध्ये सांगणारा आकडा) लवकर इशारा देतो. तो ३० च्या खाली गेला की विक्रीचा अतिरेक झाला, आता भाव वर वळेल, असं मानतात. धोका इथेच आहे! सतत घसरणाऱ्या शेअरमध्ये तो पुन्हा पुन्हा ३० खाली जातो आणि स्वस्त समजून घेणारा अडकतो. शिवाय रोज लक्ष हवं. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर सध्या २० टक्के कर.

नोकरी सांभाळून शेअर वर्षानुवर्षं ठेवायचे असतील, तर सरासरीच धर. आरएसआय रोज वेळ देणाऱ्या, स्टॉपलॉस (भाव ठरवलेल्या पातळीखाली गेला की तोटा सोसून विकणं) काटेकोर पाळणाऱ्यांसाठी.