शाहूंची पायी फेरी: गाईड पक्का, फक्त एका ठिकाणी भिडस्त

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. २६ जूनच्या आधीचा आठवडा म्हणजे आमची दिवाळी. सगळ्या पक्षांचे, तालमींचे, संघटनांचे शाहू जयंतीचे फलक एकाच मशीनवरून निघतात आणि सगळ्यांवर फेट्यातला तोच फोटो असतो. एकाला शेजारी फुले आणि आंबेडकर हवे असतात. दुसऱ्याला मागं भगवा आणि वर शिवछत्रपती पाहिजेत. तिसऱ्याला 'आरक्षणाचे जनक' मोठ्या टायपात आणि त्याहून मोठं आपल्या नेत्याचं तोंड. पैसे रोख मिळतात, आपण कशाला बोलतोय! पण महाराज नेमके कुणाचे, हे भांडण माझ्या काउंटरवर दरवर्षी नव्यानं सुरू होतं. त्यामुळं दसरा चौकातून रविवारी सकाळी शाहूंच्या नावाची पायी फेरी निघते असं कळल्यावर म्हटलं, बघूया तरी तिथला गाईड काय विकतोय.

नागपूरचा माझा एक दोस्त त्याच वेळी आलेला. फ्लेक्सचं मटेरियल पुरवतो, पक्का आंबेडकरवादी. त्याला घेऊन गेलो. माणशी ४०० रुपये, फोनवर नाव नोंदवायचं, पैसे जागेवर. बारा-पंधरा जणांपेक्षा जास्त घेत नाहीत, हे बरं केलंय. वेळ सांगतात तीन तास, लागतात चार. आमच्या गटात पुण्याचे एक निवृत्त काका-काकू होते, इचलकरंजीची दोन कॉलेजची पोरं होती आणि कपाळाला टिळा, गळ्यात भगवा गमछा असलेला एक दादा होता. म्हणजे माझ्या काउंटरवरची सगळी गिऱ्हाइकं एका जागी.

गाईड तिशीतला पोरगा. माईक नाही, छत्री नाही, झेंडी नाही. काखेत फक्त एक प्लास्टिकची फाईल. या फाईलसाठीच मी ही फेरी सुचवेन. बाकीचे गाईड 'लोकराजा, लोकराजा' करत पुतळ्याभोवती फिरवतात. यानं पुतळ्याकडं पाठ केली आणि १९०२ च्या हुकुमाची झेरॉक्स सगळ्यांच्या हातात दिली. तारीख २६ जुलै. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. हुकूम काय म्हणतो ते त्यानं इचलकरंजीच्या पोरीकडून वाचून घेतलं. यापुढं ज्या जागा रिकाम्या होतील त्यातल्या निम्म्या मागास वर्गातून भरायच्या. ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे तिथली पुढची नेमणूक त्यांचीच. आणि प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता पाठवायचा.

या तीन महिन्यांच्या तक्त्यावर तो थांबला, ते मला फार आवडलं. म्हणाला, "घोषणा कुणीही करतो हो. हिशोब मागणारा माणूस वेगळा." हुकूम का काढावा लागला तेही आकड्यात सांगितलं: १८९४ ला महाराजांच्या हाती कारभार आला तेव्हा राज्याच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. मग खालची टीप वाचायला लावली. मागास म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे.

इथंच पहिली ठिणगी पडली. गमछावाला दादा म्हणाला, "म्हणजे मराठा मागासातच होता की! मग आता कशाला पुरावे मागत्यात?" नागपूरकर म्हणाला, "बरोबर आहे भाऊ, पण तुम्ही अन् आम्ही एकाच रांगेत होतो काय?" गाईडनं दोघांना बोलू दिलं. मध्ये पडला नाही, गोड बोलून विषय बदलला नाही. चांगल्या गाईडची हीच खूण.

मग त्यानं चौकातच उभं राहून बोर्डिंगं, म्हणजे महाराजांच्या काळातली जातवार वसतिगृहं दाखवली. एका चौकात मान वळवली तर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग दिसतात, असं गाव दुसरीकडं कुठं नाही. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग १९०१ चं, मुस्लिम १९०६, लिंगायत १९०७, अस्पृश्यांसाठीचं मिस क्लार्क १९०८. माझे आजोबा राधानगरीकडच्या वाडीतून मराठा बोर्डिंगात आले म्हणून आमच्या घरात शाळा आली. त्यामुळं या विषयात मी काही तटस्थ माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पुण्याच्या काकांचा प्रश्न इथं आला आणि तो वाजवी होता. "जातवार वसतिगृहं काढून जात मोडते का घट्ट होते?" गाईड म्हणाला, तेव्हा सगळ्यांसाठी एक काढलं असतं तर त्यात महाराची पोरं जेवायला बसू शकली नसती आणि बाकीच्यांच्या आईबापांनी आपली धाडली नसती. शिवाय पैसा आणि पुढारपण प्रत्येक समाजानं आपलं उभं करावं, महाराजांनी जागा आणि मदत द्यावी, असा हिशोब होता. ज्या शेणव्यांना १९०२ च्या टिपेत पुढारलेले म्हणून वगळलं, त्या सारस्वतांच्या मुलांसाठीही १९१५ ला बोर्डिंग झालंच. उत्तर चांगलं होतं, पण अर्धं. शंभर वर्षांनी त्यातल्या बऱ्याच संस्था समाजाच्या निवडणुकांचे अड्डे झाल्यात, हे कोल्हापुरात शेंबडं पोरही सांगेल. त्यावर तो बोलला असता तर काकांचं समाधान झालं असतं. माझंही.

वेदोक्ताचा, म्हणजे वेदातल्या मंत्रांनी विधी करून घ्यायच्या हक्काच्या भांडणाचा भाग त्यानं चालता चालता सांगितला. तो बसून सांगायचा विषय आहे, रिक्षांच्या भोंग्यात निम्मं ऐकू येत नाही. १८९९ ला पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतोय हे ध्यानात आलं, कारण त्याच्या लेखी छत्रपती शूद्र. राजोपाध्यांनी, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांनी, हट्ट सोडला नाही, महाराजांनी त्यांचं वतन जप्त केलं. टिळकांनी 'केसरी'तून राजोपाध्यांची बाजू घेतली. काका चिडले. "मंत्रासाठी पोटावर पाय द्यायचा?" म्हणाले. गमछावाला एकदम खूश. नागपूरकर मात्र गप्प राहून मग बोलला, "आम्हाला काय वेदोक्त अन् काय पुराणोक्त. आम्हाला तर दोन्ही ऐकायची बंदी."

हे वाक्य ऐकल्यावर गाईडनं जे केलं त्याचे माझ्याकडून पूर्ण मार्क. त्यानं सरळ सांगितलं की महाराजांत हे दोन्ही आहे. क्षत्रिय म्हणून मान मागणारा राजाही आहे आणि १९११ ला कोल्हापुरात फुल्यांच्या सत्यशोधक समाजाला बळ देणाराही आहे. पुढं १९२० ला त्यांनी मराठ्यांसाठी क्षात्रजगद्गुरू, म्हणजे त्यांचा स्वतःचा धर्मगुरू नेमला. भटजी नको म्हणणाऱ्या सत्यशोधकांतल्या काहींना ते पटलं नाही. आमच्या फलकांवर हे कधी येत नाही, कारण ते कुठल्याच पक्षाच्या रंगात बसत नाही.

इंग्रजांचा विषय काकांनीच काढला. त्यातही लपवाछपवी नव्हती. लंडनवारी, केंब्रिजची पदवी, मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं नाव वसतिगृहाला दिलेलं, सगळं सांगितलं. जोडीला हेही, की हा राजा मत घेऊन कायदे करत नव्हता, हुकूम काढत होता. १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१८ ला गावच्या हिशोबाची पिढीजात कुलकर्णी वतनं मोडून पगारी तलाठी आणले. इचलकरंजीचा पोरगा म्हणाला, "म्हणजे हुकूमशाहीच की." कुणी उत्तर दिलं नाही. मीही नाही, कारण तो दंड नसता तर माझे पणजोबा पोराला गुरांमागंच ठेवणार होते.

आता नर्सरी बाग. इथंच फेरीची सगळ्यात मोठी ताकद आहे आणि सगळ्यात मोठी कसूरही.

महाराजांचं समाधिस्मारक इथं आहे. सिद्धार्थनगरला लागून, वर्दळीपासून जरा आत. चप्पल काढून फरशीवर बसलो. गाईडनं गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगितली. राजवाड्याच्या पागेत नोकरी. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून फोडून काढलं. महाराज परगावाहून आल्यावर गंगाराम पाठीवरचे वळ घेऊन समोर गेले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना नोकरीतून मोकळं करून पैसे दिले आणि स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. त्यांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं. महाराच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तर गाडी थांबवून खुद्द महाराज यायचे आणि सोबतच्या बड्या मंडळींच्या हातातही कप द्यायला लावायचे. महाराज गेल्यावर त्यांचं पहिलं स्मारक याच बागेत उभं राहिलं ते गंगाराम आणि त्यांच्या लोकांच्या धडपडीतून, सरकारी पैशातून नव्हे.

गोष्ट सांगण्याची हातोटी आहे पोराकडं. वळांबद्दल बोलताना आवाज चढवला नाही. पण मारलं कुणी, हे सांगताना तो म्हणाला, "काही सवर्ण नोकरांनी." मी थांबवलं. म्हटलं, बाबा, पागेतले ते नोकर मराठे होते, तसं सांग की. तो हसला, हळूच म्हणाला, "काका, तुम्ही बोलू शकता. मी बोललो तर पुढच्या रविवारी चार जण येऊन उभे राहतील."

त्याची अडचण मला कळते. त्याला याच गावात पोट भरायचंय. पण मग राजोपाध्यांचं नाव, जात, वतन सगळं तासभर ठणकावून सांगायचं, आणि आपल्या माणसाचा चाबूक आला की 'सवर्ण' म्हणून मोघम व्हायचं, हा न्याय कुठला? पुण्याच्या काकांनी माझ्याकडं बघितलं, त्यांना काय वाटलं असेल ते मी ओळखलं. महाराजांनी शिक्षा केली ती स्वतःच्या वाड्यातल्या, स्वतःच्या जातीच्या माणसांना. त्यांचं मोठेपण तिथं आहे, आणि मोघम बोलून आपण तेच झाकतो. गमछावाला दादा माझ्यावर जरा घुश्शात होता. मग म्हणाला, "खरं असंल तर असंल." इतकंच. फलक छापताना कुणाच्या तोंडून मी एवढंही ऐकलेलं नाही.

याच जागेवरून १६ जून २०२१ ला मराठा मूक आंदोलन सुरू झालं. त्याआधी ५ मेला सुप्रीम कोर्टानं मराठा आरक्षण रद्द केलेलं. गाईडनं हे एका वाक्यात उरकलं. खरं तर फाईलमधला कागद इथं परत काढायला पाहिजे होता. १९०२ ला निम्म्या जागा म्हणजे त्याखाली यायचं नाही, आणि आज कोर्टात तेच ५० टक्के म्हणजे त्यावर जायचं नाही. एवढ्या एका मुद्द्यावर अर्धा तास गप्पा झाल्या असत्या. त्याऐवजी आम्हाला मिसळ खायला नेलं. मिसळ झणझणीत होती, कट मागितल्यावर तोंड वाकडं न करता दिला. पण तिचे पैसे वेगळे, हे फोनवर सांगायला हवं होतं. ४०० मध्ये नाश्ता धरला असं आमच्यातल्या निम्म्यांना वाटलेलं.

शेवटी कसबा बावड्याला लक्ष्मी विलास पॅलेसला, म्हणजे जन्मस्थळी, रिक्षानं जायचं असतं. रिक्षाभाडं वाटून. उन्हं चढलेली, ज्येष्ठांना दमायला झालं, काकू तर रिक्षातून उतरल्याच नाहीत. तिथं घाईघाईनं दहा-पंधरा मिनिटं. एकतर हा टप्पा पहिला ठेवा, नाहीतर वगळा. स्वच्छतागृहाची सोय वाटेत नीट नाही, बाईमाणसांनी हे धरून निघावं. गाडी दसरा चौकात लावायला सात वाजेपर्यंत जागा मिळते, नंतर नाही. लहान पोरांना आणू नका, कंटाळतात. दहावीच्या पुढच्यांना जरूर आणा.

गुण द्यायचे तर पाचापैकी चार. एक गुण 'सवर्ण नोकरां'साठी कापला, मिसळीसाठी नाही.

निरोप घेताना नागपूरकरानं विचारलं, "माणगावला का नेत नाही?" २१ आणि २२ मार्च १९२० ची तिथली परिषद, जिथं महाराजांनी बाबासाहेबांकडं बोट दाखवून तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला असं सांगितलं, ती या फेरीत नुसती तोंडी येते. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत महाराज नागपूरच्या परिषदेचे अध्यक्ष होते, हे माझ्या दोस्तानं सगळ्यांना ऐकवलंच. गाईड म्हणाला, माणगाव हातकणंगले तालुक्यात, पायी जमणार नाही. दहा जणं जमली तर तो ट्रॅव्हलर करून अर्ध्या दिवसाची सहल काढेल. मी आमची दोन नावं दिलीत. गमछावाल्या दादानं नंबर घेऊन ठेवलाय, पण अजून हो म्हणालेला नाही.