लाखभर चाललेली गाडी मधेच बंद पडते? 500-1000 रुपयांचा ओबीडी स्कॅनर कितपत कामाचा

चालता चालता इंजिन बंद, दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला की लगेच चालू, आणि गॅरेजात नेली की दिवसभर काहीच नाही. लाख-सव्वा लाख किलोमीटर झालेल्या पेट्रोल गाड्यांच्या या दुखण्यात प्लग, कॉइल, पंप असे अंदाजाने पार्ट बदलण्यात पैसे जातात. ऑनलाइन मिळणारा ईएलएम 327 जातीचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावला की इंजिनची माहिती मोबाइलवर दाखवणारा डबा, इथे खरंच उपयोगी पडतो. पण त्याची खरी किंमत बिघाडाचे कोड वाचण्यात नाही, लाइव्ह डेटात (चालू गाडीचे क्षणाक्षणाचे आकडे) आहे.

एप्रिल 2013 नंतरच्या गाडीला तो सहसा चालतो. त्याआधीच्या गाडीत 16 पिनांचं सॉकेट दिसलं तरी ईसीयूशी (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) बोलणं होईलच असं नाही. डब्यावरच्या 1.5 किंवा 2.1 या आकड्यावर विसंबू नका, बाजारात नकलाच जास्त आहेत आणि 2.1 लिहिलेल्या बऱ्याच नकलांत काही कमांडच नसतात. परत करता येईल असाच घ्या. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ चालत नाही, बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) किंवा वायफायवाला लागतो. अँड्रॉइडला पिन 1234 किंवा 0000.

अ‍ॅपमध्ये चारच गोष्टी लावा: आरपीएम, ईसीयूचा व्होल्टेज, कूलंटचं तापमान आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा). दहा-बारा लावल्या की प्रत्येक आकडा उशिरा येतो आणि नेमका बंद पडण्याचा क्षण निसटतो. रेकॉर्डिंग चालू ठेवा. स्क्रीन शेजारच्याने बघायची, चालवणाऱ्याने नाही. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला एक-दोन दाबांपुरताच जोर उरतो, म्हणून चाचणी रिकाम्या रस्त्यावर.

आता मुख्य भाग. गाडी गिअरमध्ये धावत असेल आणि क्लच दाबलेला नसेल, तर बंद पडलेलं इंजिनही चाकांच्या जोरावर फिरत असतं. तरीही आरपीएम एकदम 0 दिसला, तर क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा) सिग्नलच तुटलाय. सेल्फ मारतानाही काटा 0 वरच राहिला तर संशय पक्का. मे महिन्यात मांजरसुंबा घाट चढून ढाब्यावर गाडी थांबवली आणि मग चालू होईना, हे याचं नेहमीचं लक्षण, कारण उभ्या इंजिनाची धग सेन्सरपर्यंत पोहोचते. सेन्सर मागवण्याआधी कनेक्टर उघडून तेल, गंज आणि वायरचं घासणं बघा.

सेल्फला आरपीएम दिसतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर स्पार्क किंवा इंधन तपासायचं. स्कॅनर मात्र ब्लूटूथला जोडलेला राहिला आणि ईसीयूचा संपर्क गेला, तर मेन रिले, इग्निशन स्विच किंवा अर्थिंग बघा. स्कॅनरला करंट थेट बॅटरीतून मिळतो, ईसीयूला रिलेमधून, म्हणून हा फरक दिसतो. ही एक गोष्टच स्कॅनरचे पैसे वसूल करते.

सिग्नलला क्लच दाबताच आरपीएम 800 वरून डगमगत खाली जाऊन बंद, हे बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीतल्या (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) कार्बनचं काम. ट्रिम आयडलला +15 टक्क्यांच्या वर आणि 2500 आरपीएमला कमी होत असेल तर हवा कुठून तरी आत शिरतेय. उलट रेस आणि लोडसोबत वाढत असेल तर पंप आणि फिल्टर तपासा.

उणीव इथेच आहे. साध्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल गाडीत फ्युएल प्रेशरचा सेन्सर सहसा नसतो, त्यामुळे पंपाचा दाब स्कॅनर दाखवत नाही. त्याला गेजच लागतो. साधारण 3 बार, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये. बाहेरून बसवलेलं सीएनजी किटही त्याला दिसत नाही. फक्त गॅसवर बंद पडत असेल तर किटचा फिल्टर आणि रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आधी.

इंजिनचा दिवा लागला नसला तरी पेंडिंग कोड (अजून पक्के न झालेले) बघा. आणि 'क्लिअर' दाबण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचे (कोड नोंदला गेला त्या क्षणाचे) आकडे लिहून घ्या. एकदा पुसले की तो क्षण कायमचा गेला. गाडी उभी करताना स्कॅनर काढून ठेवा, नाहीतर तो जुनी बॅटरी हळूहळू उतरवतो.