नागपूरच्या इतवारीचा सावजी मसाला: एक स्टार मागे घेऊन पाच देते आहे

ऑनलाइन मागवलेलं २०० ग्रॅमचं पाकीट मानेवाड्याला घरी आलं तेव्हा खोकं चेपलेलं, पाकीट फाटलेलं आणि निम्मा मसाला खोक्याच्या तळाशी. रविवारी पाहुणे जेवायला यायचे होते. रागाच्या भरात मी एक स्टार दिला आणि लिहिलं, 'घेऊ नका.'

उरलेल्या मसाल्यात मटण केलं. तेलात पडताच दगडफुलाचा वास घरभर झाला. तर्री लालभडक, तिखट झणझणीत, पण घशाला ओरखडे काढणारं नाही. सासऱ्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला.

पाकिटावर इतवारीचा पत्ता होता. मंगळवारी तिकडे काम होतं म्हणून गेले. पुढच्याच खोलीत मसालेवाल्या काकू पाकिटं सील करत बसल्या होत्या. तक्रार ऐकून भांडल्या नाहीत. "ताई, माल तर ऑनलाइनवाल्यांच्या गोडाउनातून जाते. खोकं बी त्यांचंच. आमच्या हाती फक्त मसाला हाये."

त्यांच्या मुलाने मोबाइल दाखवला. आधीच्या नऊ जणांनी पाच-पाच स्टार दिलेले. माझ्या एकाने सरासरी ५ वरून थेट ४.६ वर आली, आणि सगळ्यात वर माझंच 'घेऊ नका'. हजारो रेटिंग असलेल्या मोठ्या ब्रँडला तो एक स्टार कळलाही नसता. इथे त्या आठवड्यात दोनच ऑर्डरी आल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. चूक कुरिअरची की गोदामाची, ठाऊक नाही. शिक्षा मात्र मी काकूंना दिली होती.

त्याच संध्याकाळी रिव्ह्यू बदलला. फुटक्या खोक्याची तक्रार ग्राहक सेवेकडे वेगळी केली.

आणखी एक गोष्ट मला आवडली. 'पाच स्टार द्या, कॅशबॅक घ्या' अशा चिठ्ठ्या हल्ली किती डब्यांतून निघतात! पैसे मोजून मिळवलेले रिव्ह्यू छापू नयेत, असं भारतीय मानक ब्युरोचं २०२२ चं मानक, आयएस १९०००, सांगतं. काकूंच्या पाकिटात तसली चिठ्ठी नव्हती. त्यांचे नऊच्या नऊ स्टार मसाल्याने कमावलेले होते.

येताना अर्धा किलो घेऊन आले. अर्धा किलो मटणाला दोन मोठे चमचे पुरतात. तेल मात्र हात राखून घालू नका, नाहीतर तर्री येणार नाही.